आमच्या घराची दुसरी किल्ली

प्रति,
मा. मंत्री, गृहनिर्माण विभाग, महाराष्ट्र शासन
आणि
मा. नोंदणी महानिरीक्षक, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : भाड्याच्या घरात न विचारता शिरणाऱ्या मालकांवर आणि एजंटांवर वेळेचं, सूचनेचं आणि किल्लीचं बंधन घालण्याबाबत

महोदय,

जुलै महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी पावणेबाराच्या सुमारास माझ्या घराचं लॅच कुणीतरी बाहेरून उघडलं. घरात माझी आई एकटी होती. ती ७४ वर्षांची आहे. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही आणि झटकन उठायचं नाही अशी डॉक्टरांची ताकीद. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, त्या वेळी कामावर होते.

बेल वाजली तशी आई उठायला निघाली. भिंतीला धरून दोन पावलं आली, तेवढ्यात किल्ली फिरल्याचा आवाज झाला. तिला वाटलं मीच आले. ‘लवकर आलीस गं?’ असं तिने विचारलं. उत्तर पुरुषाच्या आवाजात आलं. ‘झोपा झोपा मावशी, दोन मिनिटं फक्त. फ्लॅट दाखवतोय.’

एजंट आणि त्याच्याबरोबर चार माणसं. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याखालची कपाटं उघडून पाहिली, संडासाचा फ्लश ओढून पाहिला, बाल्कनीत उभं राहून ऊन कुठून येतं त्याची चर्चा केली. एजंट मोबाईलवर शूटिंग करत खोल्याखोल्यांतून फिरला. आई गाउनवर होती. तिने पायाशी असलेली चादर ओढून अंगावर घेतली आणि ते सगळे जाईपर्यंत पलंगाच्या कडेला तशीच बसून राहिली. संध्याकाळी मला सांगताना तिचं पहिलं वाक्य होतं, ‘मी उठेपर्यंत ते आतच आले गं.’ जणू चूक तिचीच होती, उशिरा उठण्याची.

चार दिवसांनी ऑफिसातली एक मैत्रीण घर शोधत होती. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला व्हिडिओ तिने मला दाखवला. ‘हे तुमच्याच भागातलं दिसतंय, कसं आहे बघ ना.’ ते माझं घर होतं. माझं देवघर, दोरीवर वाळत घातलेले आमचे दोघींचे कपडे, टेबलावरच्या औषधांच्या पट्ट्या, आणि शेवटच्या काही सेकंदांत चादर छातीशी धरून बसलेली, काळ्या चष्म्यातली माझी आई. खाली लिहिलं होतं : टू बीएचके, फॅमिली प्रेफर्ड, तात्काळ ताबा.

मी घर सोडते आहे. पुढच्या वर्षीचं वाढीव भाडं मला परवडत नाही, म्हणून एक महिन्याची नोटीस मीच दिली होती. नव्या लोकांना घर दाखवायलाही माझी हरकत नव्हती. शनिवारी-रविवारी कधीही या, इतर दिवशी साडेसहानंतर या, फक्त आधी फोन करा, आईचं ऑपरेशन झालंय, असा मेसेज मी मालकांना आणि एजंटला दोघांनाही पाठवला होता. दोन्ही मेसेजवर वाचल्याच्या निळ्या खुणा आहेत.

मालकांना मी काका म्हणते. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा येतो, माणूस वाईट नाही. मी फोन केला तेव्हा ते मनापासून चकित झाले. ‘अगं, माझंच तर घर आहे. आणि तुम्हाला मी परकं मानतो का?’ एजंटचं म्हणणं, बेल वाजवली होती, कुणी उघडलं नाही, म्हणून किल्ली लावली. व्हिडिओबद्दल तो म्हणाला, सगळेच काढतात. मी पोलीस चौकीत गेले. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मालकाचीच किल्ली ना, ताई? मग आपसांत मिटवा.’

तिघांपैकी एकालाही आपण काही चुकीचं केलं असं वाटत नव्हतं. हे पत्र मी त्यासाठी लिहिते आहे. एक माणूस उद्दाम वागला असता तर त्याच्याशी भांडून मोकळी झाले असते.

नंतरचे काही दिवस मी कायदा वाचला. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, कलम २८. एवढंसं कलम आहे. भाड्याने किंवा परवान्यावर दिलेल्या जागेची पाहणी करण्याचा मालकाला अधिकार आहे, पण वाजवी वेळी, आणि राहणाऱ्याला आधी सूचना देऊन. ‘परवान्यावर’ हा शब्द त्यात आहे, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवाले आम्ही सगळे त्यात येतो. चौदा वर्षांत मी सहा घरं बदलली. सहा करार केले, सहा वेळा ब्रोकरेज दिलं, आणि या कलमाबद्दल मला एकदाही कुणी सांगितलं नाही.

पण कलम वाचून समाधान होईना. ‘वाजवी वेळ’ म्हणजे कुठली? दुपारची पावणेबाराची वेळ मालकाला वाजवी वाटते, रात्रपाळी करून झोपलेल्या नर्सला वाटत नाही. ‘आधी सूचना’ म्हणजे किती आधी? खालच्या पार्किंगमधून केलेला फोन हीदेखील आधी दिलेली सूचनाच. ‘पाहणी’ या शब्दात चार अनोळखी माणसांना फिरवून आणणं बसतं का? आणि मालकाने हे कलम मोडलं तर त्याला काय होतं, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. पाणी किंवा वीज तोडली तर दाद मागायला लगेच पुढचं कलम २९ आहे. नळ बंद करणाऱ्याला कायदा अडवतो, दार उघडणाऱ्याला अडवत नाही.

फौजदारी कायद्याकडे वळावं तर तिथे वेगळी अडचण. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ अतिक्रमणाचं आहे. त्यात मालकी कुणाची हे पाहत नाहीत, ताबा कुणाचा हे पाहतात, ही गोष्ट चौकीत मला कुणी सांगितली नाही. पण शिरणाऱ्याचा हेतू गुन्हा करण्याचा किंवा राहणाऱ्याला धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा होता हे दाखवावं लागतं. फ्लॅट दाखवायला आलेल्या एजंटचा हेतू फ्लॅट दाखवण्याचाच असतो. शिवाय आमच्या करारांत स्पष्ट लिहिलेलं असतं की जागेचा कायदेशीर ताबा मालकाचाच राहील, आम्हाला फक्त वापरायची परवानगी आहे. आमचं पोलिसांपुढचं म्हणणं सहीच्या दिवशीच अर्धं होऊन जातं.

आता त्या सहीच्या दिवसाबद्दल, नोंदणी महानिरीक्षकांना उद्देशून.

करार नोंदवायला आता कचेरीत जावं लागत नाही. माणूस लॅपटॉप, अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरी येतो. ही सोय खरोखर चांगली आहे. पण त्या पंधरा मिनिटांत इंग्रजीतली सात-आठ पानं वाचून होत नाहीत. मी माझा करार आता नीट वाचला. तपासणीचं कलम आहे : मालक स्वतः किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी, वाजवी सूचना देऊन, वाजवी अंतराने आत येऊन जागा पाहू शकेल. किती तास आधी, ते नाही. प्रतिनिधी म्हणजे कोण, ते नाही. मग शेवटचं परिशिष्ट वाचलं, घरातल्या वस्तूंचं. पंखे ४, ट्यूबलाइट ५, गिझर १, पडद्यांचे रॉड ३, किचन ट्रॉल्या. बाथरूममधला आरसासुद्धा मोजलाय. घराला किल्ल्या किती, आणि त्या कुणाकुणाकडे आहेत, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

मी विचारून यादी केली. माझ्या घराच्या पाच किल्ल्या आहेत. दोन आमच्याकडे. एक मालकांकडे, एक त्यांच्या मेव्हण्याकडे ‘अडीअडचणीला’, आणि एक एजंटकडे. एजंटकडची दोन भाडेकरूंपूर्वीची, म्हणजे मी या घरात यायच्या आधीपासून. तीन वर्षं मी रात्री दार लावून झोपत होते, तेव्हा माझ्या घराची किल्ली एका दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होती. त्या दुकानात कोण येतं जातं, मला माहीत नाही.

हे एका घरापुरतं असतं तर शासनाला पत्र लिहिलं नसतं. गेल्या महिन्यात मी ओळखीच्या भाडेकरूंना सहज विचारत गेले. आयटीत काम करणारी चार मुलं एका फ्लॅटमध्ये राहतात. त्यांच्या मालकीणबाई भाडं घ्यायला येतात आणि थेट फ्रिज उघडतात, आत अंडी किंवा मटण आहे का ते पाहायला. त्यातला एक मुलगा सोलापूरकडचा. आईने पाठवलेलं सुकट तो आता मित्राच्या खोलीवर ठेवतो. माझ्या एका सहकारी बाईंना दिवाळीची सुट्टी संपवून गावाहून आल्यावर कळलं की मालकांचे पाहुणे दोन दिवस त्यांच्या घरात राहून गेले. गाद्या नीट घातलेल्या होत्या, एक उशी तेवढी कमी होती. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलींच्या खोलीत मालक सकाळी सातला ‘मीटर बघायला’ येतात. मीटर जिन्याखाली आहे.

सगळ्यांना विचारलं, मग बोलत का नाही? प्रत्येकीचं, प्रत्येकाचं उत्तर एकच. डिपॉझिट. माझं एक लाख रुपये आहे, म्हणजे चार महिन्यांचं भाडं. ज्याच्याकडे माझे चार महिने अडकलेत त्याच्याशी मी मान वर करून बोलू शकत नाही. आणि एकट्या मुली, अविवाहित मुलं, आडनावावरून ज्यांना दहा घरं नाकारली गेलीत अशी माणसं, यांना अकरावं घर मिळालेलं असतं. ती तर मुळीच बोलत नाहीत.

मालकांची बाजूही मी मांडते, कारण ती खरी आहे. महाराष्ट्रातला मालक भाडेकरूला घाबरतो आणि त्यामागे इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, पिढ्यानपिढ्या भाडेकरू हलले नाहीत. त्यातून वाट काढायला लोकांनी लिव्ह अँड लायसन्सने जागा द्यायला सुरुवात केली, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर राहत होते त्यांनाही कायद्याने भाडेकरू ठरवलं. आपलं घर आपल्या हातून जाईल ही धास्ती तेव्हापासून घराघरांत मुरली आहे. अकरा महिन्यांचा करार त्या धास्तीतून आला, ‘ताबा मालकाचाच’ हे वाक्य तिथून आलं, आणि माझ्या मते ती जादा किल्लीही तिथूनच आली. किल्ली हातात असली की घर आपलं आहे असं वाटत राहतं.

पण ३१ मार्च २००० पासून लागू असलेल्या आजच्या, म्हणजे त्याच १९९९ च्या कायद्याने त्या भीतीवर उत्तर दिलेलं आहे. कलम २४ नुसार मुदत संपूनही लायसन्सवाला घर सोडत नसेल तर मालक या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून जागा परत मिळवू शकतो, आणि तोवर दुप्पट भाड्याने भरपाई मागू शकतो. मालकाचं रक्षण कायदा करतो, नोंदवलेला करार करतो. किल्लीने त्यात काहीच भर पडत नाही. किल्ली फक्त आमच्या दारातून आत येते.

आणीबाणीबद्दल वाद नाही. पाइप फुटला, गॅसचा वास आला, शॉर्ट सर्किट झालं, तर दार तोडूनही या. मीच आभार मानीन.

एजंटांविषयी वेगळं लिहायला हवं. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्तेच्या व्यवसायाचं नियमन करणाऱ्या कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण त्या कायद्यातली एजंटची व्याख्या विक्रीच्या व्यवहारापुरती आहे. भाड्याचे व्यवहार करणारा एजंट, ज्याच्या ड्रॉवरमध्ये शंभर घरांच्या किल्ल्या असू शकतात, तो त्या नोंदणीत बसत नाही. माझ्याकडून आधार कार्ड, पॅन, फोटो, अंगठा, मूळ गावचा पत्ता सगळं घेतलं, पोलिसांकडे भाडेकरू म्हणून माझी माहिती गेली. माझं दार उघडणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव मला आजही माहीत नाही. माझ्या फोनमध्ये तो त्याच्या दुकानाच्या नावाने सेव्ह आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यातल्या कलम १७ मध्ये मी जे मागते आहे ते जवळजवळ सगळं लिहिलेलं आहे. आत येण्याआधी किमान २४ तास लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक सूचना, त्यात कारण, दिवस आणि वेळ, आणि सूर्योदयापूर्वी किंवा सूर्यास्तानंतर कुणीही आत यायचं नाही. तो अख्खा कायदा आणा असं मी म्हणत नाही. मुंबईतल्या पागडीच्या, म्हणजे एकदा मोठी रक्कम देऊन नाममात्र भाड्यावर राहणाऱ्या भाडेकरूंचे प्रश्न फार वेगळे आहेत, त्यांना विचारल्याशिवाय तो आणू नये असंच मला वाटतं. मला त्यातलं एक कलम हवं आहे. सूर्यास्ताच्या अटीत मी थोडी सवलत देईन. नोकरी करणाऱ्या बाईला संध्याकाळी सातच सोयीचं असतं, तेव्हा राहणाऱ्याची लेखी संमती असेल तर नंतरही चालावं.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. तो हक्क घेऊन मी काकांविरुद्ध न्यायालयात जाणार नाही, जायची इच्छाही नाही. पण तो हक्क माझ्या दाराच्या आत पोहोचेल असे नियम करणं हे शासनाचं काम आहे, आणि ते मी शासनाकडे मागते.

माझ्या मागण्या अशा.

भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २८ मधली ‘आधी सूचना’ म्हणजे किमान २४ तास, लेखी किंवा मेसेजने, कारण आणि वेळ सांगून, हे नियम करून किंवा दुरुस्ती करून स्पष्ट करावं. घरात कुणी आजारी असेल, बाळंतीण असेल, रात्रपाळीचं माणूस असेल, तर राहणाऱ्याने सुचवलेली दुसरी वेळ मालकाने मान्य करावी. बेल वाजवून उत्तर आलं नाही तर परत जावं.

ऑनलाइन नोंदणीच्या ठरावीक मसुद्यात हेच शब्द घालावेत. यासाठी विधानसभेची वाट पाहण्याची गरज मला दिसत नाही. करार मराठीतही मिळावा, सहीच्या किमान एक दिवस आधी. परिशिष्टात पंख्यांच्या वर पहिली ओळ किल्ल्यांची असावी : एकूण किती, कुणाकडे किती. स्वतःच्या खर्चाने लॅच बदलण्याचा आणि जाताना जुनं परत बसवून देण्याचा हक्क भाडेकरूला असावा.

नोटीसच्या महिन्यात घर दाखवायच्या वेळा दोघांनी आधी लिहून ठरवाव्यात. राहणाऱ्याचं सामान घरात असताना त्याच्या लेखी परवानगीशिवाय फोटो किंवा व्हिडिओ काढू नये. काढला असेल तर तो मागताक्षणी काढून टाकावा आणि कुठेकुठे पाठवला ते सांगावं.

भाड्याचे व्यवहार करणाऱ्या एजंटांची नोंदणी करावी, ओळखपत्र द्यावं, आणि मालक-भाडेकरू दोघांच्या सहीशिवाय घराची किल्ली एजंटकडे राहू नये.

हे मोडणाऱ्याविरुद्ध तक्रार सक्षम प्राधिकाऱ्याकडे, वकिलाशिवाय, साध्या अर्जावर करता यावी. करार नोंदवला नाही तर त्याच अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मला कुणाला तुरुंगात पाठवायचं नाही. एका महिन्याचं भाडं भाडेकरूला भरपाई म्हणून द्यावं लागलं तरी पुष्कळ फरक पडेल. आणि तक्रार केली म्हणून डिपॉझिट अडवता येणार नाही, एवढं त्याच आदेशात लिहिलेलं असावं.

पोलीस चौक्यांना गृह विभागामार्फत एक लेखी सूचना जावी, की ‘मालकाचंच घर आहे’ हे अशा तक्रारीचं उत्तर नाही.

ज्या घरमालकांच्या वाचनात हे पत्र येईल त्यांना एक विनंती. नियम होईल तेव्हा होईल. तुम्ही आज रात्री किल्ल्या मोजा. एजंटकडे असलेली परत मागवा. आणि पुढच्या वेळी आपल्याच फ्लॅटची बेल वाजवल्यावर आतून चालत यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ बाहेर उभे राहा.

व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकला असं एजंटने मला मेसेजने कळवलं आहे. ज्यांनी तो पुढे पाठवला त्यांच्याकडे तो आहेच. आईचा डोळा आता छान आहे, पेपर वाचते. दुपारी आडवी होताना मात्र ती जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढत नेऊन दाराला लावते आणि खुर्चीवर स्टीलचं पातेलं ठेवते, दार हललं तर पडून आवाज व्हावा म्हणून. मी तिला कितीदा सांगितलं, आता कुणी येणार नाही. ती म्हणते, ‘तू कशावरून सांगतेस?’

नवं घर ठरलं आहे. तिथल्या मालकांना मी किल्ल्यांची ओळ करारात घालायला सांगितली. त्यांनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले.

आपल्या उत्तराची वाट पाहते. ३१ ऑगस्टनंतर माझा पत्ता बदलेल, नवा कळवीन.

आपली,
एक भाडेकरू
कर्वेनगर, पुणे